डोमाकाकांची घागर

डोमाकाका झाडाकडे बघतात तेव्हा त्यांना पानं, फुलं, सावली यातलं काही दिसत नाही. त्यांना फक्त आवाळू दिसतं, म्हणजे खोडाला फुगून आलेली वेडीवाकडी गाठ. जुनवानीत एका बंगल्यासमोरच्या शिरीषाला असंच एक होतं. काका ते इतक्या मायेने चाचपत उभे राहिले, की मालकिणीने कुत्रं सोडलं. कुत्र्याला चुकवत काका तिलाच समजावत होते, "वाईट नका वाटून घेऊ बाई, बिमारी नोहे. नशीब लागते याले."

रुआबांध्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. काका मूळचे गोंदियाकडचे, नोकरी सगळी इथे हिंदी मुलखात, पोलाद कारखान्याच्या भट्टीवर. रिटायर झाल्यावर माणसं पोथ्या वाचतात, गुडघे दाखवत फिरतात. काकांनी रसमड्याच्या भंगारवाल्याकडून मोटर आणली आणि व्हरांड्यात लाकूड कातायचं लेथ उभं केलं. तेव्हापासून आमच्या वरणात भुसा असतो. बायकोने तक्रार केली, तर काकांनी तो शिरीषाचा असल्याची खात्री दिली.

काका आवाळू लेथवर फिरवून आधी बाहेरून घागरीचा आकार देतात, मग अरुंद तोंडातून वाकडं हत्यार घालून आतून पोखरतात. आतलं दिसत नाही, म्हणून मधूनमधून लेथ थांबवून आत छोटा बल्ब सोडायचा. भिंत पातळ झाली की उजेड झिरपतो, आधी लाल, मग नारिंगी. नारिंगीवर थांबायचं. पिवळा दिसला की संपलं. जन्मभर भट्टीतल्या लोखंडाचा रंग ओळखलेल्या माणसाला यात काही अवघड नव्हतं, पण आता काकांचे डोळेच गेल्यात जमा आहेत. म्हणून भिंतीपलीकडून मला हाक येते.

"मास्तर, रंग सांगा जी."

मी शाळेत भूगोल शिकवतो. मी रंग बरोबर सांगितला तरी आवाळूत कुठेतरी साल दडलेली असायची आणि घागर फुटायचीच. भट्टीच्या एका घाण्याला कारखान्यात हीट म्हणतात. "हीट गेली," एवढंच म्हणून काका चहा टाकायचे.

मी हसलोही असतो, पण त्या घागरीवर काकांचं पुढचं सगळं अडलं होतं. काकू गेल्यावर पुण्याच्या मुलाने त्यांना कायमचं राहायला बोलावलं होतं. एक घागर पुरी झाली की ती घेऊनच येतो, असं काकांनी त्याला सांगितलं. दर रविवारी मुलाचा फोन यायचा, "पापा, बनी क्या?" काकांना कमी ऐकू येतं, फोन कायम स्पीकरवर, त्यामुळे सगळी गल्ली वाट बघायला लागली. पुढे फोन कमी झाले.

या हिवाळ्यात घागर झाली. मी नारिंगी म्हणालो, काका थांबले, भिंत टिकली. जवसाचं तेल चोळल्यावर तिच्या अंगावर अशा काही रेषा उमटल्या की मी बायकोलाही बघायला बोलावलं. फक्त लेथमध्ये घागर ज्याने पकडलेली असते तो बुडाचा खुंट कापायचा राहिला होता. काकांनी आधी माळ्यावरची बॅग काढली, मग मुलाला फोन लावला.

घागर झाल्याचं सांगितलं. मग मुलगा म्हणाला, "पापा, अभी मत आओ. घर में थोड़ी दिक्कत है."

"हौ, हौ," काका म्हणाले, "मले तरी कुठं घाई हाय? तेल वाळाले टाइम लागते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेथचा आवाज आला. मी धावत गेलो. तयार घागरीत काकांनी पुन्हा हत्यार घातलं होतं.

"रंग सांगा जी."

मी नारिंगी सांगितला. थोड्या वेळाने पिवळा सांगितला. बस करा, असं ओरडूनही सांगितलं. घागर फुटली. काकांनी मोटर बंद केली आणि फोन माझ्या हातात दिला.

"तुमी सांगा पोराले, घागर फुटली. मी सांगतलं तं त्याले वाटन बाप रुसला. फुटली म्हटल्यावर त्याले 'नका येऊ' म्हणा लागत नाही. कालपासून मनाले लावून बसला असन तो."

मी सांगितलं. मुलाने सोडलेला श्वास मला स्पष्ट ऐकू आला. काकांना तो ऐकू आला नसावा, अशी मी अजून आशा करतो.

"कोई बात नहीं अंकल," तो म्हणाला. "पापा से कहना, दूसरी बना लें."

काका खाली बसून तुकडे गोळा करत होते. त्यांना एवढंच कळलं होतं की मुलगा काहीतरी बोलला.

"काय म्हणे?"

"दुसरी करा म्हणाला."

"पाहा," काका म्हणाले, "वाट पाहून राहिला पोरगा."