दवाखान्यातलं व्हायोलिन

"अगदीच सोपं काम!" दातांचे डॉक्टर म्हणाले. "ज्या बोटांनी जन्मभर दाढा उपटल्या, त्यांना चार तारा जड जाणार?"

बायकोचा साठावा वाढदिवस तोंडावर आला होता. लग्नाआधी ती एक गाणं सारखं गुणगुणायची. तेच भर पाहुण्यांत व्हायोलिनवर वाजवून तिला चकित करायचं, असा बेत होता. उभ्या संसारात डॉक्टरांनी तिला वैताग पुष्कळ दिला होता. चकित केलं नव्हतं. यंदा ते करायचंच, असा पणच केला होता त्यांनी.

घरी सराव केला तर बिंग फुटणार. म्हणून दुपारच्या सुट्टीत दवाखान्यातच, दार लावून, मोबाइलवरच्या मास्तरांसमोर शिकवणी सुरू झाली. बाहेर बसणाऱ्या रिसेप्शनच्या बाईंना सक्त ताकीद, "कुणाला एक अक्षर कळता कामा नये!" बाई इमानी निघाल्या आणि तिथेच घात झाला!

पहिल्याच दिवशी बाहेर एक ट्रक ड्रायव्हर बसला होता. गडी आडदांड, पण दाढेने गाल टम्म सुजलेला. आतून किंकाळी आली, तसा तो ताडकन उठला.

"आत कोण आहे हो?"

"कुणी नाही. डॉक्टर एकटेच."

"मग ओरडतंय कोण?"

"ते सांगायची परवानगी नाही," बाई म्हणाल्या. मग त्यांना त्याची दया आली. "घाबरू नका हो! नवीनच शिकतायत ना, हात बसला की आवाज कमी होईल."

ड्रायव्हरने चपलासुद्धा घातल्या नाहीत. अनवाणीच सुटला!

झालं! गावभर बोभाटा. कुणी म्हणालं, डॉक्टर भूल द्यायला विसरतात. कुणी म्हणालं, मुद्दामच देत नाहीत. बाकडी ओस पडली. आणि डॉक्टर? ते खूश! सरावाला मोकळा वेळ मिळत होता ना!

शेवटी मेहुणीने बहिणीला गाठलं. "ताई, भावोजींचं डोकं फिरलंय गं! पेशंटला खुर्चीला बांधतात म्हणे!"

बायको तशीच रिक्षा करून दवाखान्यात आली. बाहेर तोच ड्रायव्हर बसला होता. दाढेने अगदी जीव नकोसा केला म्हणून घरच्यांनी ढकलत आणलेला. इतक्यात आतून किंकाळी! बायकोने धाडकन दार उघडलं.

"अहो, सोडा त्याला!"

आत डॉक्टर एकटेच, हनुवटीखाली व्हायोलिन. चोर सापडला! बिचाऱ्यांनी सगळं कबूल केलं.

"माझ्यासाठी? या वयात?" बायकोचे डोळे भरून आले. ती पेशंटच्या खुर्चीवर बसली. "वाजवा बघू."

डॉक्टरांनी जीव ओतून वाजवलं. गाणं निम्म्यावर आलं आणि ड्रायव्हर हात जोडून आत घुसला.

"डॉक्टर, पाया पडतो तुमच्या! दाढ काढा, भूल देऊ नका, हवं तर शेजारचीही काढा, पण हे थांबवा!"

डॉक्टरांचा चेहरा एवढासा झाला. व्हायोलिन ठेवून ते हात धुवायला लागले. बायकोने डोळे पुसले, ड्रायव्हरला खुर्ची दिली आणि नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मन छोटं करू नका हो. वाढदिवसाला हेच वाजवा, नक्की वाजवा! आपल्याकडे आलेले पाहुणे एरवी उठता उठत नाहीत."