हकिकत गुंडेरावांच्या विजयनगर वाचनालयावरील स्वारीची

ऐकणारांनी सावध होऊन बसावे. सन दोन हजार पंचवीस, जुलैचा तिसरा रविवार, सायंकाळी पाचाचे सुमारास म्हैसूर शहरी विजयनगर मुलखातील सार्वजनिक वाचनालयात जी लढाई जाहली, तिची ही हकिकत. बखरनवीस कोण, तर खुद्द गुंडेराव. आणि लढाईचा नायक कोण, तर तेही गुंडेरावच. सबब पराक्रम वाढवून लिहिण्यास कोणाची आडकाठी नव्हती. परंतु जे घडले ते ताणूनही ताणेना, म्हणोन जैसे जाहले तैसे लिहिले असे.

गुंडेराव हे निवृत्त भूगोल-शिक्षक, पाच पिढ्यांचे म्हैसूरकर. त्यांनी अकरा वर्षे लष्कर मोहल्ल्यात पायपीट केली, आणि घड्याळे, कुलपे, स्टोव्ह, छत्र्या दुरुस्त करणाऱ्या कारागिरांच्या जबान्या घेतल्या, आणि तीनशे बारा पानांचा मराठी ग्रंथ सिद्ध केला, आणि मग तो छापून मुलखात पाठविला, आणि मग जी शांतता पसरली ती आठ महिने मोडली नाही. आप्तांकडून पोच आली, अभिप्राय आला नाही. एका साडूने मुखपृष्ठ बरे आहे ऐसे कळविले. इतक्यात वाचनालयाकडून लेखकभेटीचा खलिता आला. तेव्हा गुंडेरावांनी कुटुंब कृष्णवेणीबाईंसमोर प्रतिज्ञा केली की, ग्रंथ वाचलेला एक जरी इसम तेथे भेटला तरी दुसरा खंड लिहीन. न भेटल्यास टिपणांच्या सर्व वह्या रद्दीत देऊन लेखणी कायमची म्यान करीन. त्यावर बाईंचा हुकूम सुटला की, सुम्ने उगाच प्रतिज्ञा नको, इस्त्रीचा शर्ट घाला. खासे हसले, इस्त्रीचा शर्ट चढविला, परंतु प्रतिज्ञा मागे घेतली नाही.

मग पिशवीत वीस प्रतींचा दारूगोळा भरून उभयतांनी स्कूटरवरून कूच केले, आणि दाखल होऊन पाहतात तो दालन आधीच गनिमाच्या ताब्यात. रोजचे नऊ वर्तमानपत्र-वाचक पंख्याखालील मोक्याच्या खुर्च्या बळकावून, पाने उघडून, तटबंदी करून बसलेले. लेखक आला म्हणोन एकही पान खाली झाले नाही. ग्रंथपाल रम्याबाई धोरणी. त्यांनी जाणले की, यांना उठविले तर दालन ओस पडेल. सबब तह ठरला तो येणेप्रमाणे: वाचकांनी जागचे हलू नये, आणि भाषण चालू असता वर्तमानपत्र नाकाच्या खाली धरावे. तह मंजूर जाहला, परंतु पाळला दोघांनीच.

मग दीप लागला, आणि मग प्रार्थना जाहली, आणि मग गुंडेरावांस शाल, फळांची करंडी आणि म्हैसुरी पेटा, म्हणजे तयार बांधलेली पगडी, ऐसा मानाचा पोशाख अर्पण केला. पेटा दोन मापे मोठा. तो घसरून भुवयांवर आला, त्यायोगे कोण उठून जात आहे ते खाशांस दिसेना, ही ईश्वरी कृपाच म्हणावी. मग अध्यक्ष बिंदुमाधवपंत परिचयास उठले. त्यांनी आपल्या तीर्थयात्रा, आपले गुडघे आणि आपले चिरंजीव यांचा परिचय चाळीस मिनिटे करून दिला, आणि शेवटी जाहीर केले की, ग्रंथ अमूल्य आहे आणि आपण तो सवडीने वाचणार आहोत. वाचनालय साडेसहाला बंद व्हायचे. गुंडेरावांच्या वाट्यास अकरा मिनिटे आली. अकरा वर्षे अकरा मिनिटांत घालता घालता त्यांनी कुलपे गाळली, घड्याळांवरून उडी मारली आणि धापा टाकीत आभारांवर येऊन पडले.

मग प्रश्नांची नौबत झडली. प्रथम पुण्याहून नोकरीनिमित्त आलेले अनुराग उठले आणि पुसते जाहले, "सर, याचं ऑडिओ आहे का? गाडीत ऐकता येईल." नाही, म्हणताच ते बसले. नौबत तेथेच संपली. रम्याबाईंनी किल्ल्यांचा जुडगा हाती घेतला. गुंडेरावांनी मनातल्या मनात वह्यांचा गठ्ठा बांधावयास घेतला, आणि त्यांस रडू येऊ लागले, हे लिहिण्यास लाज नाही.

इतक्यात पंख्याखालचे एक वर्तमानपत्र खाली आले. मागे साठीच्या भवानीबाई. हाती ग्रंथ, त्यात कागदाच्या कपट्यांच्या खुणा.

"सार, एकशे सत्तेचाळीस पान काढा. छत्रीचं कापड काडीला तारेनं बांधतात म्हणून लिहिलंय. सरी नाही ते, चूक आहे. तारेनं बांधलं तर एका पावसात कापड फाटतंय, अल्वा? दोरा लागतो. मेण लावलेला."

गुंडेरावांनी बसल्या जागी एकशे सत्तेचाळीस पान काढले. बाईंचा मारा थांबेना. एकामागून एक सात चुका त्यांनी खिंडीत गाठून कापल्या, आणि सातवी पान तीनशे नऊवरची. गुंडेरावांनी पेटा वर ढकलून पुसले, "बाई, तुम्ही तीनशे नऊपर्यंत वाचलंत?"

"दोनदा. आठवी चूक सापडते का बघत होते."

"मग सापडली?"

"ती पानावर नाही, सार. माझे वडील तीस वर्षं लष्कर मोहल्ल्यातच बसून छत्र्या नीट करायचे. सगळ्यांची नावं आहेत. त्यांचं नाही."

उरलेली आठही वर्तमानपत्रे खाली आली. गुंडेरावांस आपली अकरा वर्षे फार तोकडी वाटली. तैसेच ते उठले, पेटा उतरून कृष्णवेणीबाईंचे हाती दिला, आणि भवानीबाईंपुढे बसून कोरी वही उघडली. रम्याबाईंनी किल्ल्या टेबलावर ठेविल्या आणि पावणेसातपर्यंत अभय दिले.

येणेप्रमाणे विजयनगरची फत्ते जाहली. गुंडेराव आठ ठिकाणी जायबंदी, प्रतिज्ञा सलामत. दुसऱ्या खंडाची पहिली ओळ त्याच जागी, बाई सांगतील तैशी, लिहिली गेली ती ऐसी: गोविंदोजीराव, छत्री दुरुस्त करणारे, लष्कर मोहल्ल्यात चपलांच्या दुकानाबाहेर डाव्या हातास बसत, दोऱ्यास मेण स्वतः लावीत.