स्वप्नाला तेजाब

आमच्या विट्यात सकाळी भेटलेला माणूस "चहा झाला का?" असं विचारतो. बापू विचारतात, "राती काय पडलं?"

पडलं म्हणजे स्वप्न. बापूंची उभी हयात केरळात सोनं गाळण्यात गेली. त्यांची बायको, म्हणजे आमची काकी, इथं वारल्यावर दुकान मुलाच्या हवाली करून ते गावी परतले, पण गाळायची सवय काही सुटली नाही. सोन्यावर तेजाब ओतलं की तांबं, चांदी जळून जातं आणि अस्सल तेवढं तळाला राहतं. "सपनाचं बी तसंच हाय," ते म्हणतात. "आदी भेसळ जाळायची."

हॉटेलवाल्या शंकरच्या स्वप्नात म्हैस आली, चष्मा लावून गल्ल्यावर बसलेली. बापूंनी बशी खाली ठेवली. रात्री काय जेवलास? मटण. मग म्हैस जळाली. चष्मा शंकरचाच, आदल्या दिवशी हरवलेला. तोही जळाला. "ऱ्हायला गल्ला. त्यावर तू न्हाईस, दुसरंच कोन बसलंय. घरी इचार." शंकरने घरी विचारलं, तर बायकोला खरंच हॉटेल बघायचं होतं. आता गल्ल्यावर ती बसते आणि बापूंची साखर तिनं बंद केली आहे.

मला स्वप्नं पडत नाहीत. बापूंना हे मान्य नव्हतं. रोज तोच प्रश्न. एका सकाळी मी वैतागून चारचौघांत ठोकून दिलं, "पडलं की. काकी आली होती. हिरव्या साडीत, हत्तीवर बसून भेळ खात होती."

सगळे हसले. बापू हसले नाहीत. हत्ती टीव्हीतला म्हणून त्यांनी जाळला, भेळ माझ्या भुकेची म्हणून जाळली. मग हळूच म्हणाले, "काय बोलली रं?"

काहीच नाही, म्हणालो.

त्या दिवसापासून ते मला बाजूला घेऊन विचारू लागले, परत आली का. मी नजर चुकवायचो. शेवटी एकदा म्हणाले, "माझ्याकडं येतच न्हाई, गड्या. तुझ्याकडं आली तर इचार, माझ्यावर राग हाय का. ती गेली तवा मी तिकडंच व्हतो."

दुसऱ्या सकाळी त्यांच्या अंगणात गेलो आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की स्वप्न खोटं होतं, मी तुमची थट्टा केली.

बापूंनी हातातली बशी खाली ठेवली. मनात तेजाब ओतत असावेत.

"साडी हिरवीच का म्हणलास?"

मी म्हणालो, काकी तीच नेसून गच्चीवर पापड घालायची. पोरांना लाटी द्यायची. डोळ्यांपुढं तीच येते.

"म्हंजी साडी जळाली न्हाई," बापू म्हणाले. "ती मीच धाडल्याली केरळातनं. नेसलेली कवा बघितली न्हाई." त्यांनी शेजारची खुर्ची पुढं ओढली. "बस. कशी दिसायची, सांग."

मी बसलो. सांगण्याआधी माफी मागितली. एकदा त्यांची, एकदा काकीची.