तीन दारांपलीकडचं माहेर

आमच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या खोलीबाहेर एक घंटा वाजते. एकदा वाजली तर आतला पेशंट बाहेर येतोय, बाकीच्यांनी थांबावं. दोनदा वाजली तर पुढच्यानं आत जावं. ही पद्धत आरोग्य खात्यानं काढलेली नाही. ती मंदामावशींची आहे.

मंदामावशी एसटीत कंडक्टर होत्या. गंगापूर-वैजापूरच्या रस्त्यांवर त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्या तेव्हा डेपोतल्या लोकांनी त्यांना साडी, नारळ आणि भंगारात निघालेल्या एका गाडीची घंटा दिली. साडी त्यांनी एकदाही नेसलेली मी पाहिली नाही. घंटा मात्र पिशवीत कायम. बजाजनगरला राहायला आल्यावर त्या शुगर तपासायला आमच्याकडे आल्या, रांगेतली ढकलाढकली बघितली आणि दुसऱ्या दिवशी घंटा घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांना कुणी नेमलं नाही, त्यामुळे काढायचं कसं हेही कुणाला कळेना.

“मावशी, हा दवाखाना आहे हो,” आमच्या डॉक्टर मॅडम एकदा म्हणाल्या.

“व्हय की. म्हणून तर हळू वाजवते.”

बजाजनगरात रोज कुणीतरी नवीन येतं. वाळूजच्या कंपनीत काम लागतं, एखादी खोली मिळते, आणि मग पोराला ताप आला की त्या कुटुंबाला कळतं की आपल्याला इथं कुणीच ओळखत नाही. असा माणूस दवाखान्यात सरळ शिरत नाही. फाटकाशी रेंगाळतो, पाटी वाचल्यासारखं करतो. मी सिस्टर. मला टेबलामागून तो दिसतही नाही. मावशींना बरोबर दिसतो.

“कुठून बसलात?” त्या विचारतात. म्हणजे गाव कोणतं. नांदेडकडचा एक जण गोंधळून म्हणाला होता, “नाही, मी उभाच आहे.” मग दुसरा प्रश्न, “कुठं उतरायचं?” म्हणजे दुखतंय काय. त्याचं उत्तर यायच्या आत त्या बाकावरच्यांना हाकारतात, “पुढं सरका, मधी लई जागा आहे.” आमच्या बाकावर जागा कधीच नसते. तरी लोक सरकतात.

आधारकार्डावर गावचा पत्ता असला की लोक फार घाबरतात. चालेल का, परत पाठवतील का. मावशींचं उत्तर ठरलेलं, “हात केला की गाडी थांबती. गाव इचारून कुणी थांबवत नाय.” पुढे त्या माणसाला अंगणवाडी कुठे, रेशन कुठे, नळाला पाणी कधी, हे सगळं त्या स्वतः हिंडून दाखवतात. त्याच्या पोराची लस चुकली तर त्याच्या दारात जाऊन घंटा वाजवतात. गल्लीभर कळतं कुणाच्या पोराचं इंजेक्शन राहिलंय. यावरून माझं त्यांच्याशी बऱ्याचदा वाजलंय. “या बाईला घरात बसवत नाही,” असं मी चारचौघांत म्हणायचे.

अशात कविता आली. पुसदकडची, विशीतली पोर. नवरा संतोष ठेकेदाराकडे कंपनीत, खोली मावशींच्याच गल्लीत, त्यांच्यापासून तीन दारं सोडून. तिला आठवा महिना सरत आला होता, पायांवर सूज होती आणि बीपी असं चढलेलं की मी दोनदा मोजलं. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, प्रवास अजिबात नाही, बाळंतपण इथंच मोठ्या दवाखान्यात.

कविता मान खाली घालून म्हणाली, “पण मला माहेरी जायचं आहे. पहिलं आहे नं.”

“आई आहे का तिकडे?”

“नाही. लहानपणीच गेली. वहिनी आहे.”

“मग तुझं करणार कोण तिथं?”

“करो, न करो. जायचं असते. नाही गेली तर लोकं म्हणतील, हिला कोणी नाही.”

मी तिला झटके येतात, बाळ जाऊ शकतं, आई जाऊ शकते, सगळं समजावलं. ती हो हो म्हणाली. दोन दिवसांनी संतोष तिच्या गोळ्या न्यायला आला आणि हळूच म्हणाला, “सिस्टर, तिनं बॅग भरली. रविवारच्या गाडीनं जातो म्हणते. ऐकतच नाही.”

मावशी दारातून म्हणाल्या, “तिला म्हणावं, तिकीट काढू नको. माहेरी मी सोडते.”

माझं डोकंच फिरलं. मी त्यांना बाजूला घेऊन चांगलं सुनावलं, ही पोर वाटेत गेली तर कोण जबाबदार. मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “रविवारी बीपीचं मशीन घेऊन या. मागच्या शिटावर जागा ठेवते.”

त्याच संध्याकाळी त्या कविताकडे जाऊन बसल्या. काय बोलणं झालं ते संतोषनं मला नंतर सांगितलं. “माझ्या घरी यायचं बाळंतपणाला,” मावशी म्हणाल्या. “पण चालत नाय यायचं. माहेरी कुणी चालत जात नाय.”

रविवारी सकाळी सलीमभाईंची रिक्षा कविताच्या दारात उभी होती. पुढे सलीमभाईंच्या शेजारी अर्ध्या सीटवर मंदामावशी, हातात घंटा. मागे कविता, तिची बॅग आणि मशीन घेतलेली मी. संतोष दारात खिन्न चेहरा करून उभा राहिला, कारण मावशींनी त्याला तसंच उभं राहायला सांगितलं होतं. डबल बेल झाली, गाडी सुटली.

भाजीबाजार झाला, कंपन्यांचा रस्ता झाला. सलीमभाई खड्डे चुकवत बैलगाडीच्या चालीनं हाकत होते. एका लिंबाखाली मावशींनी एक बेल दिली. “गाडी धा मिनिटं थांबंल. ज्याला खायचं त्यानं खाऊन घ्या.” त्यांनी कापडात बांधलेल्या दशम्या काढल्या.

“मेरे को भी?” सलीमभाईंनी विचारलं.

“डायव्हरला आधी.”

मी तिथंच बीपी घेतलं. आदल्या दिवशीपेक्षा कमी होतं. कविता पदर तोंडाशी धरून हसत होती.

मग गाडी वळून त्याच गल्लीत आली आणि संतोषच्या दारावरून पुढे मावशींच्या दारात थांबली. मावशी उतरून घाईनं घरात गेल्या. घंटा आत ठेवून, भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. त्यांनी कविताच्या पायांवर पाणी घातलं, तुकडा ओवाळून टाकला, आणि म्हणाल्या, “लई दमली गं. ये आत.” तोवर हसणारी पोर त्यांच्या गळ्यात पडून रडली. माझेही डोळे भरून आले.

आतली खोली नीट लावलेली होती. कॉट, मच्छरदाणी, ट्रंकेत घडी केलेली दुपटी. दुपट्यांना डांबरगोळ्यांचा वास होता. छताला पाळण्याचा हूक होता.

“एवढं सगळं कधी केलंत?” मी विचारलं.

“पोरीच्या येळंला. ती पुण्यात असती. तिथं मोठं हॉस्पिटल हाय, तिथंच बाळंत झाली.” मावशी उशीचा अभ्रा सारखा करत होत्या. “नातू चालाया लागला आता. फोनवर बघते मी.”

घरात त्यांना खरंच बसवत नव्हतं. कारण त्या दिवशी मला कळलं.

कविताचं बाळंतपण सुखरूप झालं. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात मावशी रात्रंदिवस तिच्याजवळ होत्या. मुलगी झाली. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, अंगाई, सगळं त्या खोलीत झालं. महिनाभर आमच्या दवाखान्यात घंटा वाजली नाही आणि रांगेत रोज भांडणं झाली.

सव्वा महिन्यानंतर पाठवणी ठरली. मावशींनी ओटी भरली, वाटेसाठी दशम्या बांधल्या. मला पुन्हा मागची सीट मिळाली. या वेळी पुढे मावशींच्या एका हातात घंटा होती आणि मांडीवर दुपट्यात बाळ. भाजीबाजार झाला, कंपन्यांचा रस्ता झाला, ते लिंबाचं झाड आलं. दशम्या तशाच राहिल्या.

गल्लीत संतोष भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा होता. सलीमभाईंनी वेग कमी केला आणि एका बेलची वाट पाहू लागले. मावशी बाळाकडे बघत होत्या.

त्यांनी डबल बेल दिली.

सलीमभाईंनी शेजारी मावशींकडे पाहिलं आणि गाडी पुढे घेतली. संतोष तांब्या धरून बघतच राहिला.

“मावशी, घर मागं राहिलं,” कविता म्हणाली.

“राहू दे. एवढं जवळ नसतंय माहेर.”