विशे सरांची तळटीप

विशे सरांचं ब्लडप्रेशर तपासून डॉक्टरांनी आकडा लिहिला, की सर खिशातलं पेन काढतात आणि त्याच्याखाली लिहितात : 'बसून, डाव्या हातावर, एसटीतून उतरल्याबरोबर.' शहापूरच्या त्या डॉक्टरांनी आधी समजावून पाहिलं, मग रागावून पाहिलं. आता ते मुकाट्यानं दोन ओळींची जागा सोडतात.

आकडा कानावर पडला, की "मोजला कसा?" हे सरांच्या तोंडून निघणारच. मुरबाडला आमच्या एका शिक्षकाच्या मुलीचं लग्न जमत होतं. मुलाकडच्यांनी कौतुकानं सांगितलं, अठ्ठावीस गुण जुळतात. सर लाडू हातात धरून म्हणाले, "कोणी मोजले? मुलीची जन्मवेळ घड्याळातली, का आत्याच्या आठवणीतली?" आत्या समोरच बसली होती. लग्न पार पडलं. सरांना मात्र पत्रिका आली नाही.

मी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांचे कागद गोळा करून वर पाठवणारा माणूस. वरच्यांना आकडा हवा असतो आणि तो चौकटीत मावलेला हवा असतो. विशे सर त्यांतल्याच एका शाळेवर; त्यांचा आकडा कधी मावला असेल तर शपथ. हजेरीखाली 'ओढा भरला होता', मुलांच्या वजनाखाली 'काटा वाण्याकडून आणलेला'. मी वैतागायचो. "सर, हा अहवाल आहे, तुमची रोजनिशी नाही!"

"साहेब, कसा मोजला ते नाय लिहिलं, तर आकडा कोणाच्याही जिवावर उठतो," ते शांतपणे म्हणायचे. मला वाटायचं, काय हा माणूस पाल्हाळ लावतो.

मागच्या पावसाळ्यात एका संस्थेनं आमच्या केंद्रात मुलांच्या वाचनाचा अभ्यास केला. मुलापुढे उतारा ठेवायचा, मोठ्यानं वाचायला सांगायचं. मूल पाच सेकंद गप्प राहिलं, की शून्य मांडायचं आणि पुढच्याला बोलवायचं. तपासायला शिक्षक आमचेच, फक्त दुसऱ्याच्या शाळेत जायचं. सरांच्या वाट्याला खर्डीच्या पलीकडची एक वाडी आली.

तिथल्या तिसरीतल्या जनीनं उताऱ्याकडे पाहिलं, या अनोळखी माणसाकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. पाच सेकंद झाले. सरांनी नियमाप्रमाणे शून्य मांडलं. सगळं आटोपून ते कागद बांधत होते, तेव्हा ती हळूच जवळ आली आणि अख्खा उतारा न अडखळता वाचून दाखवला. मांडलेला गुण बदलायचा नाही, हाही नियमच. म्हणून सरांनी खाली लिहिलं : 'पाच सेकंद थांबून शून्य दिलं. नंतर मुलीनं सगळं वाचलं.'

ती ओळ मी काढली. त्या ओळीमुळे तक्ता दुसऱ्या पानावर जात होता, एवढंच कारण. पाच सेकंदांचा नियमही अहवालात कुठे आला नाही. जनीच्या नावापुढे राहिलं ते 'वाचता येत नाही'.

अहवालातली नावांची यादी वाडीवर पोचली. तिथल्या नव्या शिक्षकानं यादीप्रमाणे गट पाडले आणि जनीला पहिलीतल्या पोरांबरोबर अक्षरं गिरवायला बसवलं. दिवाळीनंतर तिचा बाप वीटभट्टीवर निघाला, तिलाही घेऊन. शिक्षकानं अडवलं, तर तो म्हणाला, "तुमच्याच कागदान लिवलाय ना, पोरीला वाचता येत नाय. मंग हितं ठेवून काय करू?"

तो तिला घेऊन भिवंडीकडे गेला; कोणत्या भट्टीवर, ते कोणाला ठाऊक नव्हतं.

सरांना हे कळलं तेव्हा ते माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. एका शनिवारी ते आले, शाळांना वाटायच्या राहिलेल्या अहवालाच्या प्रती मागून घेतल्या आणि खिडकीशी बसून प्रत्येक प्रतीत तक्त्याखाली ती ओळ हातानं लिहू लागले.

"सर, कोण वाचणार आहे हे?" मी विचारलं.

"कोणी नाय वाचणार. पण मी पाचच सेकंद थांबलो, साहेब. ते नाय लिहिलं, तर सगळ्यांना वाटेल, तिला येत नव्हतं." त्यांनी पुढची प्रत ओढली. मला त्यांच्याकडे बघवेना.

पुढचं मला आमच्या शिपायाकडून कळलं. दर रविवारी विशे सर सकाळीच भिवंडीच्या बाजूला जातात आणि एकेका भट्टीवर जनीची चौकशी करतात. मुकादमाच्या वहीत मजुरांची नावं असतात, पोरांची नसतात. बापाचं नाव सांगितलं, तर त्या नावाचे दोन-चार निघतात. संध्याकाळी सर परत येतात आणि कोणाला काही सांगत नाहीत.

त्या शनिवारी शेवटची प्रत लिहून झाल्यावर सरांनी गठ्ठा माझ्यापुढे सरकवला.

"खाली सही करा, साहेब. ओळ तुमी काढली होती."

मी एकेका प्रतीवर सही केली. जनी अजून सापडलेली नाही.