तीनदा निघणारा व्यासू

व्यासू घरातून एकदा निघत नाही, तीनदा निघतो. पहिल्यांदा "येतों" म्हणून जातो आणि कोपऱ्यावरून परत येतो, कारण दिवा. दुसऱ्यांदा परत येतो, कारण कुलूप. तिसऱ्यांदा नुसताच येऊन दारात उभा राहतो. काय विसरलं ते आठवत नाही, म्हणून आणखी घाबरतो आणि मग जातो.

तो आमच्या माडीवरच्या खोलीत राहतो. आम्ही दोघे कुंभकोणमच्या एकाच कॉलेजात, एकाच वर्गात गणित शिकतो. त्याच्या मामाचं घर इन्नंबूरला आहे. बसने गेलं तर जेमतेम अर्धा तास. मग इथे खोली कशाला, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"समजा, बस चुकली?"

"पुढची येईल की."

"समजा, पुढचीही चुकली?"

हे "समजा" म्हणजे व्यासूचा श्वास. पिढ्यान्पिढ्या इथे राहिलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांत अजून जुन्या वळणाची मराठी चालते. दाराबाहेर पाऊल टाकलं की तमिळ. व्यासू मात्र तमिळ बोलतानाही "समजा" मराठीतच म्हणतो. रिक्षावाल्यांना वाटतं, हे कुठल्या तरी देवाचं नाव असावं.

बसमध्ये चढताना तो ड्रायव्हरला विचारतो, "जेवलात का?" आमच्याकडे हे कोणीही कोणालाही विचारतं, त्यामुळे ड्रायव्हर खूश होतो. पण व्यासू तिथे थांबत नाही. काय जेवलात, किती वाजता, भात किती. दहीभात पोटभर झाला असेल तर हा खाली उतरतो आणि मला सांगतो, "दहीभातानं डोळा लागतो, किट्टू. उपाशी ड्रायव्हर रागानं चालवतो, जेवलेला झोपेत. इडली खाल्लेला बरा." एकदा इडली खाल्लेला ड्रायव्हर मिळेपर्यंत आम्ही तीन बस सोडल्या होत्या.

देवळाबाहेर तो एक चप्पल पूर्वेच्या भिंतीशी ठेवतो आणि दुसरी पिशवीत घालून आत नेतो. चोर एका चपलेसाठी वाकत नाही, असं त्याचं माणसांविषयीचं मत आहे. अशी मतं त्याच्याकडे भरपूर. माणूस सर्वांत नम्र कुठे असतो? न्हाव्याच्या खुर्चीत, वस्तरा गळ्याशी असताना. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, हे वाचल्यावर तो दोन दिवस उदास होता. "समजा, एकाच वेळीं तिन्ही धडधडलीं, तर तो काय करेल?"

माझी अम्मा हे सगळं ऐकून घ्यायची. पितळी डबऱ्यात, त्या खोलगट वाटीत, कॉफी ओतत म्हणायची, "आधी ही पी. ऑक्टोपसाचें मागून पाहूं." तो तिला मामी म्हणायचा.

शेवटच्या सेमिस्टरचा शेवटचा पेपर होता. दहाचा पेपर म्हणून व्यासू आठालाच गेला. अप्पा तिरुप्पनंदाळच्या शाळेत शिकवतात, ते त्याच्याही आधी गेले होते. मी सव्वानऊला सायकल काढली, तर व्यासू समोरून परत येताना दिसला. घामाघूम.

"आतां काय?"

"माडीवरचा नळ."

"अरे, बंद असेल!"

"समजा, नसला?"

मी मोठ्याने हसलो आणि सायकल दामटली. वेळ भरपूर होता. चालत गेला तरी साडेनऊपर्यंत घरी, पावणेदहाला परत.

दहा वाजले. पेपर वाटले. माझ्या पुढच्या बाकावर व्यासूचा नंबर खडूने लिहिलेला, आणि बाक रिकामा.

सव्वादहा झाले. आता दार बंद करतील म्हणून मी दाराकडे पाहत राहिलो. साडेदहाला दार बंद झालं. जो माणूस सिनेमालाही दीड तास आधी पोचतो, तो शेवटच्या पेपराला आला नाही. मग मलाच "समजा" सुरू झालं. समजा, बस. समजा, तो घाईत रस्ता ओलांडत होता. समजा, मी हसल्यामुळे तो आणखी घाईत होता. दुसऱ्या प्रश्नातली आकृती मी तीनदा काढली आणि तीनदा खोडली. फोन बंद करून बाहेर पिशवीत ठेवलेला. पर्यवेक्षक बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "पेपर लिही."

एक वाजता मी धावतच बाहेर आलो. फाटकाच्या अगदी मधोमध व्यासू उभा होता. शर्टाच्या बाहीवर तपकिरी डाग. मला बघताच तो पाठ केल्यासारखं म्हणाला, "अम्मा बरी आहे. हें पहिलें वाक्य. हें ऐकलेंस?"

"काय झालं?"

"ऐकलेंस का, सांग."

"ऐकलं."

"आतां दुसरें. ती परसांत पडली. डोक्याला टाके आहेत, हात मोडला आहे. शुद्धीवर आहे. अप्पा तिच्याजवळ बसलेत. चल, रिक्षा थांबवली आहे."

नळ बंदच होता. पण माडीच्या खिडकीतून त्याला अम्मा धुण्याच्या दगडाजवळ पडलेली दिसली. हाक मारली तर उत्तर नाही. त्याने तिला उचललं, रिक्षा केली, इस्पितळात नेलं, अप्पांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर तशीच पडून राहिली असती तर सांगता आलं नसतं. सव्वाअकराला अप्पा पोचले, तेव्हा हा तिथून निघून फाटकाशी येऊन उभा राहिला. दीड तास.

"दीड तास? मग आत निरोप का नाही पाठवलास?" मी रिक्षात ओरडलो.

"मामींनीं शुद्धीवर आल्या आल्या वचन घेतलें. त्याला पेपर लिहूं दे, म्हणाल्या." तो बोटं मोडत होता. "मी म्हणालों, ठीक. पण एक वाजल्यावर एक मिनिटही लपवणार नाहीं. तूं बाहेर येऊन कोणाबरोबर हसत कॉफीला गेला असतास, तर?"

रिक्षा बाजारातून हळूहळू चालली होती. व्यासू बाहेर बघत राहिला.

"माझी अम्मा गेली, तेव्हां माझी दहावीची परीक्षा चालली होती," तो म्हणाला. "ती तंजावुरास इस्पितळांत, मी मामाकडे. तीन पेपर राहिले होते. मुलाचें वर्ष जाईल म्हणून कोणीं सांगितलें नाहीं. पांच दिवस. मी रोज घरीं येऊन मामाला म्हणे, अम्माला सांग, पेपर चोक्कट, छान गेला. मामा म्हणे, सांगतों."

तीन वर्षं एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं.

इस्पितळात अम्मा उशीला टेकून बसली होती. डोक्याला पट्टी, हाताला प्लास्टर. मला बघून तिने आधी पेपराचं विचारलं. मी बरा गेला म्हणालो. खरं तर बरा गेला नव्हता. मग तिने माझ्यामागे पाहिलं. व्यासू दाराबाहेरच थांबला होता.

"तो कशास बाहेर? आंत ये रे. तुझा पेपर?"

व्यासू आत आला. "नाहीं दिला, मामी."

शुद्धीवर येतानाच्या गुंगीत तिला फक्त माझाच पेपर आठवला होता; त्याचाही तेव्हाच होता, हे आता लक्षात आलं. आणि मग ती जी सुरू झाली! तीन वर्षें रात्रंदिवस अभ्यास केलास तो यासाठीं? शेजारपाजार मेला होता का? रिक्षांत घालून देऊन परत जातां येत नव्हतें? एवढें मोठें डोकें, आंत काय भरलें आहे? नर्स तमिळमध्ये म्हणाली, आवाज कमी करा, टाके दुखतील. अम्मा तिलाही रागावली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला चांगला हात मोकळा नव्हता. त्या हाताने तिने व्यासूचं मनगट घट्ट धरलं होतं.

व्यासू मान खाली घालून उभा होता. मधेच "हो" म्हणत होता, "चुकलें" म्हणत होता. त्या पेपरासाठी त्याला आता सहा महिने थांबावं लागणार होतं. मी त्याच्याकडे बघत होतो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर कसलीही काळजी नव्हती. तो नुसता बोलणी खात उभा होता, आणि ती संपू नयेत असं त्याला वाटत होतं.