दोघांपुरतं घर

देव आणि घरमालक या दोघांपर्यंत मध्यस्थाशिवाय पोचता आलं, तरच माणसाची खरी प्रगती झाली म्हणायची. देवाचं अजून जमलेलं नाही. घरमालकाचं जमलं आहे. 'दलाल नकोत, मालकाशी थेट बोला' अशी पाटी गॅलरीला टांगली की दलाली वाचते, आणि पूर्वी जो अपमान दलाल साखर लावून पोचवायचा, तो आता ताजाताजा हातात पडतो.

आमच्या गल्लीतल्या अशाच एका पाटीखाली परवा एक बसड्रायव्हर आणि त्याची बायको येऊन उभी राहिली. ती इस्पितळात नर्स, पोटुशी. राहती इमारत पाडायला काढलेली. पंधरवड्यात घर मिळालं नाही तर पोटातल्या बाळासकट दिराच्या स्वयंपाकघरात पथारी पसरायची वेळ येणार होती (दिराचा ओटा प्रशस्त आहे, पण तरी).

मालक निवृत्त मुख्याध्यापक, मनाने फार मोठे. "आपलंच घर समजा," म्हणाले, आणि आपल्या घरात काय काय करायचं नाही ते सांगायला बसले. खिळा ठोकायचा नाही. खुर्ची ओढायची नाही, उचलायची. मिक्सर दुपारी लावायचा नाही, सकाळी तर मुळीच नाही. खिडकी उघडावी, पण सवय लावून घेऊ नये. कपडे खुशाल वाळत घालावेत, फक्त ते ओले नसावेत. (मालकांच्या स्वतःच्या पाहणीनुसार घराची नव्वद टक्के झीज त्यात कुणी राहिल्यामुळे होते.)

ड्रायव्हर प्रत्येक अटीला "हो काका" म्हणत होता. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. असते हो, पण ती दाखवायची सोय नसते.

तेवढ्यात मालकीणबाईंची नजर नर्सच्या पोटावर गेली.

"अगंबाई! कितवा?"

"सातवा, काकू."

"गोड बातमी!" असं म्हणून नवराबायको आत गेली, ती तोडगा घेऊनच बाहेर आली. घर दोघांपुरतं. बाळ तिसरं, म्हणजे नियमाप्रमाणे पाहुणा. आता पाहुण्यांना मज्जाव आहे का? छे छे, माणुसकी आहे की नाही! फक्त पाहुण्यांनी रात्री आठच्या आत निघायचं.

"बाळानं जायचं कुठं, काका?" ड्रायव्हरनं विचारलं.

"ते आईबापांनी ठरवावं. आम्ही कुणाच्या घरगुती गोष्टीत नाक खुपसत नाही."

नर्स उठली. "तुमची पोरं कुठं जायची हो आठ वाजता?" म्हणाली आणि कठडा धरून जिना उतरू लागली. मालकांना मनापासून वाईट वाटलं. हल्ली चांगले भाडेकरू मिळतच नाहीत.

हे वाचून तुमचं रक्त उसळलं असेल. उसळायलाच हवं. 'काय एकेक नग असतात!' असं तुम्ही म्हणालातही. पण त्याच संध्याकाळी ती दोघं तुमच्याकडे आली होती. तुमच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या असल्याचं वाण्यानं त्यांना सांगितलं होतं. तुम्ही दाराच्या भिंगातून आधी चेहरे पाहिलेत, मग पोट. आणि आत वळून हळूच म्हणालात, "सांगा, कालच दिलं म्हणून."